उपासमारीचा जमाखर्च

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रीडांगणात, प्रेक्षकांच्या सज्ज्यांखाली, ॲन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती; आणि शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देऊन सरकारी देखरेखीखाली नागरी सेवा पत्करलेले ३६ तरुण १९४४ च्या नोव्हेंबरात तेथे स्वखुशीने दाखल झाले. युद्धोत्तर युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हा कीजपुढील प्रश्न होता. जगात भुकेलेल्यांची वाण नसताना धडधाकट माणसांना मुद्दाम उपाशी ठेवावे हे विपरीत खरेच, कारण आदल्याच वर्षी बंगालात लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली होती. परंतु दुष्काळग्रस्ताचे पूर्वीचे वजन आणि पूर्वीची नाडी कोणाच्याही दप्तरी नोंदलेली नसते, आणि तुलनेचा आधारच नसला म्हणजे शास्त्राचा निरुपाय होतो.

म्हणून पहिले बारा आठवडे त्यांना पोटभर जेवू घालून सर्व मोजमापे घेण्यात आली, आणि १९४५ च्या फेब्रुवारीपासून पुढे २४ आठवडे बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी अशा दोन वेळच्या जेवणातून दिवसाला सरासरी सुमारे १५७० उष्मांक, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून कमी, त्यांच्या वाट्याला येऊ लागले. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते.

आहार घटल्यास चयापचयही उतरतो, हे बॉस्टनच्या बेनेडिक्ट या संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या काळात विद्यार्थ्यांवर प्रयोग करून नोंदविले होते. कीजच्या नोंदींत ते सविस्तर उमटले. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, तेव्हा स्वस्थ पडलेल्या देहाचा खर्चही तितकाच घटणे ओघाने आले. पण तो घटला जवळजवळ ४० टक्क्यांनी! वसूल आटताच हुकमाची वाट न पाहता खर्चाची कलमे छाटणाऱ्या जाणत्या कारभाऱ्याप्रमाणे शरीराने शिल्लक पेशींचाही शिधा तोडला होता. नाडी मिनिटाला ३५ च्या आसपास आली; ऐन उन्हाळ्यात हे तरुण पांघरुणे मागू लागले; खुर्ची टोचते म्हणून उशी बाळगू लागले.

व्यायामाची गत तर अधिकच बोधप्रद होती. नेमलेली चाल ते चालत, परंतु उरलेल्या दिवसातील हालचाल न ठरविताच आखडती झाली. पदपथाची एवढीशी पायरी चढणेही टळावे म्हणून सपाट उतार शोधत जाणारे त्यांच्यात होते, आणि एकंदर बचतीचा मोठा वाटा विश्रांतीतील चयापचयातून नव्हे, या टाळलेल्या हालचालींतूनच आला. वजन घटविण्याचे सोपे हिशेब मांडणारे हे कलम सहसा विसरतात.

उपासपर्व अर्धे सरले नाही तोच युरोपातील युद्ध संपले. मदतकार्यासाठी पुस्तिका १९४६ मध्ये निघाली, दोन खंडांचा ग्रंथ १९५० मध्ये. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी किंवा वाढीव प्रथिनांनी उपासानंतरच्या पुनर्भरणात विशेष लाभ झाला नाही. देह सावरण्यास भरपूर अन्नच, दिवसाला ४००० उष्मांकांच्या घरात, लागले, आणि त्यातही चरबी आधी परतली, स्नायू मागाहून.