सुमीत मिक्सर : जळालेल्या मोटरीतून जन्मलेला देशी ब्रँड

हिरवी चटणी, ओल्या खोबऱ्याचं वाटण, इडलीचं पीठ. पूर्वी हे सगळं पाटा-वरवंट्यावर नाहीतर रगड्यात व्हायचं आणि त्यात घरातल्या बायकांची सकाळ जायची. हे काम बटणावर आणणाऱ्या देशी मिक्सरमधलं पहिलं मोठं नाव म्हणजे मुंबईचा 'सुमीत'.

सुरुवात कशी झाली?

सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्स कंपनीत काम करणारे इंजिनिअर. त्यांच्या पत्नी माधुरी ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर वापरायच्या. आपल्याकडचं वाटण त्याला झेपलं नाही आणि मोटर जळाली. तो काळ आयातीवरच्या निर्बंधांचा होता. परदेशी यंत्राची दुरुस्ती इथे सहज होत नसे. तेव्हा माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला पेलेल असा मिक्सर स्वतःच बनवायचं ठरवलं. १९६३ मध्ये 'पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस' ही कंपनी उभी राहिली. मिक्सरला नाव मिळालं सुमीत, म्हणजे चांगला मित्र.

परदेशी मिक्सर का टिकत नव्हते?

तिकडचे मिक्सर मुख्यतः फळं, सूप, क्रीम अशा मऊ पदार्थांसाठी बनलेले. आपल्याकडे भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड, धणे असं सगळंच वाटायचं असतं. घट्ट वाटणात पातं अडलं की मोटर जास्त वीज ओढते, तापते आणि शेवटी जळते. म्हणून आपल्या मिक्सरला जास्त जोर लावणारी मोटर, स्टीलचं भांडं आणि ओल्या-सुक्या वाटणासाठी वेगळी पाती लागतात. भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विचही त्यासाठीच असतो.

पुढे काय झालं?

सत्तर-ऐंशीच्या दशकात सुमीत इतका चालला की अनेक घरांत कुठल्याही मिक्सरला 'सुमीत' म्हणू लागले. परदेशी निघालेल्या कुटुंबांच्या सामानातही तो असायचा. मात्र स्पर्धा वाढत गेली. १९७८ मध्ये चेन्नईत 'प्रीती' सुरू झाला, उदारीकरणानंतर आणखी ब्रँड आले आणि सुमीतचा दबदबा ओसरला.

आज दुकानात कुठल्याही कंपनीचा मिक्सर घ्या, ओल्या वाटणाचं, सुक्या मसाल्याचं आणि चटणीचं अशी वेगवेगळी भांडी त्यासोबत येतात. आपल्या स्वयंपाकाप्रमाणे यंत्र बदलायला हवं, हे सुमीतने साठ वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.