शहजाद्याचा चेहरा

अंबरनाथ-बदलापूरची आम्ही पोरं उल्हासनगरच्या एका सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायचो. २००३ चा ‘द सँड्स ऑफ टाइम’ म्हणजे अलिफ-लैलाच. शहजादा स्वतःचा किस्सा सांगतोय. मध्येच मेला, की असं घडलंच नव्हतं म्हणत पुन्हा सुरू.

पुढच्याच वर्षी ‘वॉरियर विदिन’ आला. लढाई जास्त सफाईदार, पण शहजादा चिडका आणि रक्तपात भरपूर. मूळ खेळाचा जनक जॉर्डन मेकनर यालाही तो रुचला नाही. २००५ च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये सूर थोडा मऊ झाला.

सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करायचं जाहीर केलं. काम पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे. किती आनंद झाला होता! ट्रेलर आला आणि जगभरच्या चाहत्यांनी चेहरे जुनाट म्हणून टर उडवली. मीही नाक मुरडलं. मग जुना खेळ लावून पाहिला, तर तिथला शहजादा अगदीच ठोकळा. सतरा वर्षं आठवणीत आम्हीच त्याला घासूनपुसून चकचकीत केलं होतं, आणि पुण्या-मुंबईच्या पोरांची तुलना त्या शहजाद्याशी होत होती.

जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. २००३ चा खेळ तिथेच बनला होता.