पोच्याची कुळकथा

मोटारीचं इंजिन यंत्रकारांनी घडवलं, पण तिचं अंग सुरुवातीला बांधलं ते बग्गीवाल्यांनी. ॲशच्या चिवट लाकडाची चौकट उभी करायची आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी पत्रा खिळ्यांनी बसवायचा. धडक बसली की चौकट निखळे. मग सांधे नव्याने करायचे, पत्रा उचकटून दुसरा चढवायचा. दुरुस्ती निम्मी सुताराचीच असे. पोचे काढणं हा स्वतंत्र धंदा व्हायला आधी मोटार पुरती पोलादी व्हावी लागली.

ते घडवलं फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी. साच्यात दाबून काढलेले पत्र्याचे भाग वेल्डिंगने जोडून केलेली बॉडी त्यांनी १९१४ साली डॉज बंधूंना पुरवली. १९२४ मध्ये सित्रोएनने हे तंत्र युरोपात नेलं, आणि १९२६ मध्ये ऑक्सफर्डजवळ कौलीला प्रेस्ड स्टील कंपनी निघाली. छपराचा मधला भाग मात्र बराच काळ कापडीच राहिला. जनरल मोटर्सने अखंड पोलादी छप्पर आणलं ते १९३५च्या मॉडेलना.

आता पत्रा दोन्ही दिशांनी फुगीर झाला होता, आणि तो सहज बदलण्याजोगाही राहिला नव्हता. तो ठोकायला जी विद्या लागली ती आयती होती: चिलखतं घडवणाऱ्यांची, तांब्याची भांडी मठारणाऱ्यांची. पुण्याच्या तांबट आळीत हंडा मठारताना आतून लोखंडी आधार असतो आणि बाहेरून हातोडी पडते. अडचण एवढीच की गाडीला लागलेलं मडगार्ड उचलून ऐरणीवर नेता येत नाही. म्हणून ऐरणच मुठीत आली. किलोभर वजनाचा, एका अंगाने चपटा आणि दुसऱ्या अंगाने गोलसर असा हा पोलादी ठोकळा म्हणजे डॉली. हातोडी आणि डॉली, एवढ्या दोन अवजारांवर हा धंदा उभा राहिला. १९३९ साली फ्रँक सार्जंट यांनी अमेरिकेत त्यावर एक छोटं पुस्तकही लिहिलं, आणि जुन्या गाड्यांवर काम करणारे कारागीर ते अजून वापरतात.

या विद्येचं मर्म नवशिक्याच्या समजुतीच्या नेमकं उलट आहे. खड्डा दिसला की हात खड्ड्यावर जातो. पण पोचा आलेल्या पत्र्यात खरोखर मोडलेला भाग थोडाच असतो: खड्ड्याच्या कडेने उठलेला वरंबा आणि मधली चुणी. तिथे पोलाद वाकून कडक झालेलं असतं आणि बाकीच्या निरोगी पत्र्याला त्यानेच खाली दाबून धरलेलं असतं. म्हणून डॉली खड्ड्याखाली धरायची, हातोडी शेजारच्या वरंब्यावर मारायची, आणि घाव हलकेच घालायचे. वरंबा बसत जातो तसा खड्डा आपणहून वर येतो. क्रमही ठरलेला: धडकेत जी घडी शेवटी पडली ती आधी उलगडायची. खड्ड्यातच बडव बडव बडवलं तर पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा डबड्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर करतो. त्याला आवळायचीही युक्ती आहे. नाण्याएवढा ठिपका गॅसने लाल करायचा, ठोकायचा, वर ओलं फडकं दाबायचं. तापलेला ठिपका पसरू पाहतो, पण सभोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. मग तो जाडीत वाढतो, आणि निवताना आकसून आजूबाजूचा पत्राही ओढून घेतो.

एवढं करूनही बारीक खाचा उरतातच. त्यांत पूर्वी शिसं भरत. आधी जागेला कल्हई करायची, मग तीस भाग कथील आणि सत्तर भाग शिसं यांची कांडी तापवायची. हे मिश्रण १८३ अंशांना मऊ पडायला लागतं, पण पुरतं पातळ व्हायला अडीचशेच्या वर जावं लागतं. मधल्या टप्प्यात ते लोण्यासारखं असतं, त्यामुळे उभ्या दारावरही चरबी लावलेल्या लाकडी थापीने पसरवता येतं. नंतर ते कानशीने घासायचं. मशीन लावलं तर शिशाची विषारी धूळ उडते.

१९५०च्या दशकात पॉलिएस्टरची पुट्टी आली, आणि पत्रा शेवटपर्यंत ठोकण्याची गरजच संपली असं गॅरेजवाल्यांना वाटलं. माझ्या मते बिघाड तिथून सुरू झाला. पुट्टी वाईट नाही, पातळ हाताला ती चांगली. पण बोटभर जाड थर म्हणजे दुरुस्ती नव्हे, झाकपाक. तो थर हादऱ्यांनी तडकतो, फटीतून पाणी शिरतं आणि आतल्या आत गंज धरतो. आपल्याकडच्या ‘डेंटिंग-पेंटिंग’ पाट्यांखालीही पुष्कळदा पेंटिंगच जास्त चालतं. चालू मॉडेलला ते खपून जातं, कारण नवं मडगार्ड दुकानात मिळतं. नव्वद वर्षांच्या गाडीचं मडगार्ड कुठून आणणार? तिथे डॉलीच लागते.

जुनी गाडी घेणारे जाणकार कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतात. जिथे ते चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे असं धरतात. यात एक गोची आहे. चुंबक शिशालाही चिकटत नाही, तेव्हा निष्णात कारागिराचं जुनं काम आणि परवाची झाकपाक या परीक्षेत एकाच रांगेत बसतात.