सूक्ष्म प्रवाळ मत्स्यालय

सूक्ष्म प्रवाळ मत्स्यालय म्हणजे घरात ठेवण्याजोग्या लहान काचपात्रात खारे पाणी, खडक, शैवाल, प्रवाळ आणि इतर अपृष्ठवंशी प्राणी सांभाळण्याची व्यवस्था होय. या छंदात सुमारे १०० लिटरपर्यंतच्या टाकीला ‘नॅनो’ आणि साधारण २० लिटरपेक्षा लहान टाकीला ‘पिको’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘मत्स्यालय’ हा शब्द येथे केवळ रूढीने वापरला जातो. पिको टाकीत मासा ठेवणे योग्य नसते. लहान टाकी स्वस्त आणि सोपी असते असा समज सर्वत्र आढळतो. खर्चाच्या बाबतीत तो काही अंशी खरा आहे. सोपेपणाच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

इतिहास

लंडनमधील ॲना थिन या महिलेने १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ घरी आणले आणि समुद्रापासून दूर सुमारे तीन वर्षे सागरी जीवांचा सांभाळ केला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातील मोलकरीण उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आजच्या पंपाचे काम त्या काळी असे हातांनी होत होते. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला.

उष्ण कटिबंधातील प्रवाळ घरी जगवण्यात महत्त्वाचे पाऊल इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी टाकले. समुद्रातून आणलेला सजीवांनी भरलेला खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर चालणारी आपली पद्धत त्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. पाणी शुद्ध ठेवण्याचे काम खडकातील जीवाणूच करतात, हे तिचे मर्म होते. पुढे ‘बर्लिन पद्धती’ने त्याला प्रखर दिवे आणि फेसाद्वारे सेंद्रिय मळ काढणाऱ्या यंत्राची जोड दिली.

पाण्याचे गणित

समुद्राच्या पाण्याची लवणता सरासरी हजार भागांस ३५ भाग असते. म्हणजे १० लिटर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम क्षार असतात. अशा टाकीतून रोज २०० मिलिलिटर पाण्याची वाफ झाली, तर पाच दिवसांत १ लिटर पाणी कमी होते. क्षार मात्र उडून जात नाहीत. ते उरलेल्या ९ लिटरमध्ये साठतात आणि लवणता ३५ वरून जवळजवळ ३९ वर पोहोचते. ४०० लिटरच्या टाकीतून तेवढेच पाणी उडाले, तर फरक मोजणेही कठीण जाईल. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वाफेची भरपाई रोज करावी लागते आणि ती खाऱ्या नव्हे, तर गोड शुद्ध पाण्याने करावी लागते. नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक चुका येथेच होतात.

हाच न्याय इतर बाबींनाही लागू होतो. १० लिटर पाण्यात एक गोगलगाय मेली आणि दिवसभर लक्षात आली नाही, तर तिच्या कुजण्यातून निर्माण होणारा अमोनिया उरलेल्या जीवांना मारू शकतो. तापमानही झपाट्याने बदलते. प्रवाळांना २४ ते २६ अंश सेल्सियस तापमान मानवते. ते दीर्घकाळ ३० अंशांच्या वर राहिल्यास अनेक जातींच्या ऊतींतील सहजीवी शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. महाराष्ट्रातील एप्रिल-मे महिन्यांत ही अडचण गंभीर होते. पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, परंतु वाफ वाढते आणि गणित पुन्हा लवणतेपाशी येते. वीज गेल्यास पाण्याची हालचाल थांबून प्राणवायू घटतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असणे आवश्यक ठरते.

उभारणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट व क्वचित तांबे असते; अल्प तांबेही अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक ठरते. घरगुती आरओ यंत्रातून येणाऱ्या पाण्यात चवीसाठी काही क्षार राखलेले असतात, त्यामुळे तेही पुरेसे शुद्ध नसते. पूर्ण क्षारमुक्त पाण्यात सागरी क्षारांचे तयार मिश्रण विरघळवावे लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्रातील क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के भाग सोडियम व क्लोराइडचा असला, तरी प्रवाळाचा सांगाडा उर्वरित भागातील कॅल्शियमवर अवलंबून असतो. कोकण किनाऱ्यावरून पाणी आणणेही भरवशाचे नाही; पावसाळ्यात नद्यांच्या पुराने त्याची लवणता उतरते आणि त्यात गाळ मिसळतो.

टाकी भरल्यावर लगेच प्राणी सोडता येत नाहीत. सच्छिद्र कोरडा खडक पाण्यात ठेवून कोळंबीचा लहान तुकडा टाकला, की अमोनिया तयार होतो. हळूहळू वाढणारे जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात काचेवर तपकिरी साय धरते. ती बहुधा आपोआप ओसरते. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी होईपर्यंत थांबणे हाच या छंदातील सर्वांत कठीण भाग मानावा लागेल.

लहान टाकीचा एक खरा फायदा मात्र आहे. दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायचे, तर १० लिटरच्या टाकीस केवळ ५ लिटर पाणी आणि सुमारे १७५ ग्रॅम क्षार पुरतात. मोठ्या टाकीत ज्या मळासाठी यंत्रे बसवावी लागतात, तो येथे एका बादलीने बाहेर जातो. नवे पाणी जुन्याच तापमानाचे व लवणतेचे असावे लागते.

जीवांची निवड

परदेशांत अशा टाक्यांमध्ये छत्रीच्या आकाराचे मृदू प्रवाळसदृश जीव, झोअँथिड, बारीक कोळंब्या, शंखवासी खेकडे आणि शैवाल खाणाऱ्या गोगलगायी ठेवतात. काही झोअँथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. असे जीव चिकटलेला खडक उकळल्याने त्याच्या वाफेतून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

भारतातील स्थिती

भारतात २००१ सालापासून भित्ती उभारणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते गोळा करणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मृत प्रवाळांचे तुकडेही वनविभागाने जप्त केले आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सायटीस कराराचे नियंत्रण आहे. त्यामुळे १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातून, किंवा अन्य किनाऱ्यावरून, ‘जिवंत खडक’ उचलून आणण्याचा परदेशी पुस्तकांतील सल्ला येथे लागू होत नाही. ‘प्रवाळ मत्स्यालय’ हे नाव कायम ठेवून कृत्रिम सच्छिद्र खडक, सागरी शैवाल आणि बंदिस्त पैदाशीचे जीव यांवर टाकी उभी करणे हा सुरक्षित मार्ग आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांचे बंदिस्त प्रजनन साधले असून लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर स्थानिक महिलांच्या सहभागाने शोभिवंत कोळंब्यांचे संगोपन होते. यांपैकी मासे मोठ्या टाकीसाठी; कोळंब्या सूक्ष्म टाकीतही राहू शकतात.

छंद सोडताना टाकीतील शैवाल वा प्राणी खाडीत किंवा समुद्रात सोडू नयेत. मत्स्यालयांत वाढवलेले कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल १९८४ साली मोनॅकोजवळ समुद्रात आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर मोठ्या क्षेत्रात पसरले.