विंच, नाडा आणि एक झिजलेली कडी

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. एवढ्या उशिरा फोन आला की आमच्या पिढीच्या पोटात गोळाच येतो. पण पठ्ठ्या एकदम खुशीत. "मामा, थारला विंच लावायचाय. स्वस्तातला कोणता घेऊ, सांग ना!"

म्हटलं, माझ्याकडे थार नाही, विंच नाही, मग मला का विचारतोस? तर म्हणे, "तू इंजिनिअर आहेस आणि तुला जुन्या गोष्टी सांगायला आवडतात. त्यातून काहीतरी निघेल." आता हा टोमणा की कौतुक ते त्याचं त्यालाच माहीत. पण रविवारी मी खरंच या विषयात शिरलो, आणि मग बाहेर यायला मलाच विंच लागला असता :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विंच म्हणजे गाडीच्या पुढच्या बंपरवर बसवलेला, विजेच्या मोटरवर फिरणारा दोराचा रीळ. गाडी चिखलात रुतली की दोर ओढत न्यायचा, समोरच्या झाडाला बांधायचा आणि बटण दाबायचं. रीळ फिरतो, दोर गुंडाळला जातो आणि गाडी स्वतःलाच ओढून बाहेर काढते. बारकाईने पाहिलं तर विहिरीवरचा आपला रहाटच. फक्त आडवा, आणि पोहऱ्याच्या जागी आपणच बसलेले.

ही युक्ती फार जुनी. हिरोडोटसने लिहून ठेवलंय की पर्शियाचा राजा झर्क्सिस इ.स.पूर्व ४८० च्या ग्रीसवरच्या स्वारीत हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधायला निघाला. जवसाच्या धाग्याचे आणि पपायरसचे दोर वापरून केलेला पहिला पूल वादळात तुटला. राजाने काय करावं? समुद्राला तीनशे फटके मारायची शिक्षा दिली आणि पूल बांधणाऱ्या अधिकाऱ्यांची मुंडकी उडवली. मग दुसरा पूल बांधला तेव्हा दोर लाकडी रहाटांनी पिळून घट्ट ताणले. दोर तुटला की दोष दुसऱ्याला द्यायची सवय किती जुनी आहे बघा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला लागणार आहे.

मोटारगाडीवर रहाट चढला तो अर्थातच इंजिनाच्या जोरावर. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीएमसी ट्रकांपैकी अनेकांच्या नाकावर असा विंच असे. गिअरबॉक्समधून एक दांडा काढून तो फिरवायचा. ताकद दणदणीत. त्या दांड्यात मुद्दाम एक कच्ची पिन घातलेली असे. ओढ मर्यादेबाहेर गेली की दोर किंवा गिअर तुटायच्या आधी ती पिन तुटायची. मला हा प्रकार फार आवडला. सगळ्या यंत्रात एक भाग असा, की ज्याचं कामच वेळेवर तुटणं आहे. आणि पिन सारखी तुटते म्हणून त्या जागी दणकट बोल्ट ठोकायचा मोह कुठल्याही ड्रायव्हरला झाला असता, हेही ओघाने आलंच.

मग विजेचा विंच तेव्हाच का नाही आला? मोटर होती, बॅटरी होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आला होता. केटरिंगचं तत्त्व साधं होतं: मोटर लहानच ठेवायची, पण काही सेकंदांपुरतं तिच्याकडून कुवतीबाहेरचं काम करून घ्यायचं आणि मग तिला गार होऊ द्यायचं. आजचा विंचही याच तत्त्वावर चालतो. तो स्टार्टरचा चुलतभाऊच.

अडचण होती व्होल्टची. युद्धातली विलीज जीप ६ व्होल्टवर चालायची. आता गणित करा. साधारण साडेपाच हॉर्सपॉवरच्या मोटरला चार किलोवॅटच्या आसपास वीज लागते. १२ व्होल्टवर ती घ्यायची तर साडेतीनशे अँपिअर होतात. प्रत्यक्षात पूर्ण ओढीला चारशेच्या वरही जातात. ६ व्होल्टवर त्याच्या दुप्पट! तेवढा प्रवाह वाहायला अंगठ्याएवढी वायर आणि कोण जाणे केवढी बॅटरी लागली असती. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन गाड्या भराभर १२ व्होल्टवर गेल्या, आणि १९५९ मध्ये वॉर्न कंपनीने गाडीवरचा इलेक्ट्रिक विंच बाजारात आणला. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडतोय, पण मला तो योगायोग वाटत नाही.

ही वॉर्न मंडळीही मजेशीर. आर्थर वॉर्नने १९४८ मध्ये सिअॅटलला धंदा सुरू केला तो युद्धातून उरलेल्या जीपांच्या जिवावर. हायवेवर पुढची चाकं उगाच यंत्रणेला फिरवत बसू नयेत म्हणून ती मोकळी करणारे हब तो बनवायचा. त्यांचा सगळ्यात गाजलेला विंच म्हणजे ८२७४. नावातच कुंडली: आठ हजार पौंडांची ओढ आणि साल १९७४.

आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपा जोडायला सुरुवात केली. पुढे जीप गावोगाव पोचली, पण विंच काही तिच्याबरोबर आला नाही. गरजच नव्हती, असं आपण म्हणायचो. गावात बैल होते ना!

आणि इथे मला आजोळ आठवतं.

शिराळ्याजवळचं आमचं आजोळ घरच्या मंडळींना ठाऊकच आहे. पण १९८३ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट आमच्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून भाच्याला ती माहीत नव्हती. मामांची सेकंडहँड जीप ओढ्याच्या उतारावर रुतली. मामांनी मला घरी पिटाळलं, "गोठ्यातला नाडा घेऊन ये." नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. विहिरीवर इंजिन बसल्यापासून तो नुसताच टांगलेला होता. त्याच्या टोकाला एक लोखंडी कडी होती. मी दहा वर्षांचा. नाडा खांद्यावर घेऊन पळताना ती कडी माझ्या छातीवर आपटत होती, म्हणून मी ती हातात धरली. एका बाजूला ती झिजून पार बोरूसारखी झाली होती. मी ते पाहिलं. बोटाने चाचपून पाहिलं.

बोललो नाही. मोठी माणसं घाईत होती, आणि मला वाटलं त्यांना माहीतच असणार.

दोन बैलजोड्या जुंपल्या. जीप हातभर हलली, सगळे ओरडले, आणि कडी तुटली. तिचा तुकडा सुटला तो बैलांच्या बाजूने चालणाऱ्या गड्याच्या गुडघ्यावर. आम्ही मुलं त्यांना तात्या म्हणायचो. तात्या पुढे काठी घेऊनच चालले, शेवटपर्यंत. मामांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, तात्यांना कामावरही ठेवलं, पण त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. गावात म्हणायचे, "ओढाच वाईट आहे तो." समुद्राला तीनशे फटके!

असो. आता भाच्याच्या प्रश्नाकडे. हे सगळं आठवल्यावर मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडलं तर पडेल.

एक, ताकद. गाडीचं माणसं-सामानासकट जे वजन होईल त्याच्या दीडपट ओढीचा विंच घ्यावा, असा जुना ठोकताळा आहे. सव्वादोन टन धरले तर सुमारे ३४०० किलो. म्हणजे आठ हजार पौंडांचा काठावर बसतो, साडेनऊ हजारांचा (सुमारे ४३०० किलो) निवांत. पण डब्यावर छापलेला आकडा रिळावरच्या पहिल्या थराचा असतो. थरावर थर चढले की रिळाचा घेर वाढतो आणि ओढ घटते. चौथ्या थरापर्यंत तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गेलेली असते. म्हणून दोर होईल तितका बाहेर काढून ओढावं. पण शेवटचे काही वेढे रिळावर राहिलेच पाहिजेत: तारेचे पाच, कृत्रिम दोराचे आठ-दहा.

दोन, मोटर. स्वस्त विंचमध्ये बहुधा कायम चुंबकाची मोटर असते. ती वीज कमी खाते, पण लवकर तापते. सीरिज-वाउंड मोटर जास्त खाते, पण जास्त सोसते. वर्षातून दोन-तीनदा रुतणाऱ्याला पहिली पुरते, थांबून थांबून ओढायचा धीर असेल तर. आणि ओढताना इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर गाडी निघते आणि बॅटरी बसते.

तीन, कप्पी. प्लुटार्क सांगतो की आर्किमिडीजने कप्प्यांच्या जोरावर भरलेलं जहाज बसल्या जागेवरून एकट्याने ओढलं. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण तत्त्व खरं. दोर झाडाच्या कप्पीतून फिरवून परत गाडीला आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो. मोठ्या विंचचे पैसे वाचवायचा याहून सरळ उपाय नाही.

चार, दोर. पोलादी तार घासली तरी टिकते, पण गंजते, तिची कुसळं हातात घुसतात, आणि ताणात तुटली तर चाबकासारखी येते. डच डीएसएम कंपनीचा डायनीमा धागा १९९० च्या सुमारास बाजारात आला, त्या जातीचे दोर हलके असतात आणि तुटले तर तारेइतके उसळत नाहीत. पण ऊन, वाळू, धारदार कडा आणि रिळातल्या ब्रेकची उष्णता त्यांना सोसत नाही. तारेला रोलर लागतात, या दोराला गुळगुळीत अॅल्युमिनियमचं तोंड. जुन्या रोलरला तारेच्या खाचा पडल्या असतील तर नवा दोर तिथेच कापला जाणार.

आणखी एक. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबारांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. तेव्हा विंचसाठी बंपर बदलण्याआधी नियम विचारून घे म्हटलं.

भाचा ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, बजेटमध्ये विंच बसतोय, पण चांगला दोर, शॅकल आणि झाडाचा पट्टा धरला तर नाही बसत. ते पुढच्या वर्षी घेतो."

तेव्हा मी त्याला तात्यांची गोष्ट सांगितली. कडीसकट. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं की मी ती पाहिली होती.

फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "तू दहा वर्षांचा होतास रे."

होतो. पण तो अठ्ठावीसचा आहे. पावसात गोव्याला रेनफॉरेस्ट चॅलेंज होते (आपल्याकडे ती २०१४ पासून आली), ती बघून आल्यापासून याच्या डोक्यात विंच आहे. तिथे दोर ताणला की माणसं कशी लांब उभी राहतात, हे मी त्याला विचारलं. त्याने पाहिलं होतं, पण त्याच्या मनात भरला होता तो चिखल.

शेवटी ठरलं असं: मोठ्या नावाच्या विंचचा हट्ट सोडायचा, साडेनऊ हजारांचा साधा घ्यायचा, आणि वाचलेल्या पैशात दोर, कप्पी, वजन छापलेले शॅकल, झाडाचा रुंद पट्टा आणि हातमोजे. ओढताना दोरावर जाड गोधडी टाकायची, दोर ओलांडायचा नाही, आणि बटण दाबायच्या आधी बरोबर आलेल्यांपैकी सगळ्यात लहान माणसाला विचारायचं, "तुला काही दिसतंय का?"

ही शेवटची अट माझी. भाचा हसला, पण हो म्हणाला.

आता मामांना फोन करायचाय. ऐंशी ओलांडलीये त्यांनी, ऐकूही कमी येतं. पण कडीचं त्यांना सांगायला हवं, असं दोन दिवस वाटतंय. हे वाचून आमच्या मंडळींपैकी कुणी आधी सांगू नका. मीच सांगतो.