नाव, आडनाव आणि लग्नाची नोटीस

मंडळी, आज आपण एका फ्रेंच सिनेमापासून सुरुवात करू आणि तिथून आपल्या नांदेड-लातूरकडे येऊ. मिशेल लेक्लेर यांच्या २०१० च्या या प्रेमविनोदी सिनेमाच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'लोकांची नावं' असा होतो. नायिका बाहिया हिचे वडील अल्जीरियाचे, पण नावावरून लोक तिला ब्राझीलची समजतात. उजव्या विचारांच्या पुरुषांना प्रेमात पाडायचं आणि डावीकडे वळवायचं, हे तिचं राजकारण! नायक आर्थर मार्तां. हे नाव फ्रान्समध्ये स्वयंपाकघरातल्या उपकरणांचं, म्हणून सगळे हसतात. पण त्या साध्या नावामागे नाझींनी मारलेले ज्यू आजी-आजोबा आहेत, आणि घरात त्यांचा विषय कुणी काढत नाही.

आपल्याकडे नाव सांगितलं की लगेच विचारतात, "पूर्ण नाव काय?" आडनावावरून कळलं नाही तर "गाव कोणतं?" तरीही उलगडा झाला नाही तर "पाहुणे कुठले?" विचारायचं असतं एकच, जात. आणि लग्न जुळवताना हा प्रश्न सर्वांत आधी येतो.

हे आजचं नाही. निलंग्याच्या पलीकडे बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवण्णांच्या शरणांमध्ये हरळय्या हे चर्मकार आणि मधुवरस हे ब्राह्मण. लिंगायत परंपरा सांगते, की हरळय्यांच्या मुलाचं मधुवरसांच्या मुलीशी लग्न ठरलं आणि बिज्जळ राजाने दोन्ही बापांना क्रूर देहदंड दिला. म्हणजे लग्न दोन घरांचं, पण हादरलं राज्य.

आता कायद्याकडे बघू. ब्रिटिश हद्दीत १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह करायचा तर 'आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' असं लिहून द्यावं लागे. प्रेम करा, पण ओळख सोडा! १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना या अटीतून सूट मिळाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सारस्वत कुटुंबातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनेच लग्न केलं. लग्नानंतर त्या सविता आंबेडकर झाल्या. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं.

त्याच बाबासाहेबांचं नाव मराठवाडा विद्यापीठाला द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षं लागली. जिथे विद्यापीठाचं नाव एवढं जड जातं, तिथे सुनेचं किंवा जावयाचं आडनाव किती जड जाईल, विचार करा.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म सोडायची अट काढली. पण एक गोष्ट राहिली. जोडप्याने नोटीस द्यायची, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकत कायद्यातल्या अटींवरच घेता येते, जातीवर नाही, हे खरं. पण घरच्यांना पत्ता लागायला तीस दिवस पुष्कळ झाले. घरातून पळून आलेल्या मुलीसाठी तो महिना म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको.

फ्रेंच सिनेमात नाव उघड झालं की प्रेक्षक हसतो, कारण त्यामुळे बाहिया आणि आर्थरच्या जिवावर बेतत नाही. आपल्याकडे अशा गोष्टीवर विनोदी सिनेमा निघायचा असेल, तर आधी त्या नोटिशीवरची दोन नावं तीस दिवस सुखरूप राहिली पाहिजेत. तेवढी जबाबदारी कायद्याची आहे, आणि नोटीस वाचणाऱ्या आपलीही.