सुरत नावाची नौका आणि शेजारचे पोलाद

चिचगड हे माझे गाव गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात आहे. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला जंगल. मुंबईचा समुद्र येथून जवळजवळ हजार किलोमीटरवर. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव आणि नाव म्हणजे ढिवरांचा डोंगा. अशा गावच्या माणसाने युद्धनौकेवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत 'आयएनएस सुरत' ही विनाशिका नौदलात दाखल झाली, आणि तिचे पोलाद ज्या कारखान्यांतून आले त्यांत भिलाईचाही कारखाना आहे. भिलाई आमच्या शेजारचे. देवरीवरून जाणारा महामार्ग राजनांदगाव, दुर्ग करत तिथेच पोहोचतो.

'विनाशिका' हा शब्द कवीच्या कानाला टोचतो. त्याची जन्मकथा मात्र वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या, चपळ बोटींची मोठ्या जहाजांनी धास्ती घेतली. त्यांच्या बंदोबस्तासाठी 1893-94च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने एक नवी जात घडवली. तिचे नाव होते 'टॉर्पेडो बोटींचा नाश करणारी'. पुढे बोटी गळाल्या, नाश तेवढा उरला. मुळात हे काम राखणदाराचे.

जहाजबांधणी मुंबईला नवी नाही. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया हे कसबी सुतार सुरतेहून मुंबईत आले. त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी सागवानाची अशी जहाजे बांधली, की 1817 साली येथे तयार झालेले 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभे आहे. सुरतेचा सुतार मुंबईत आला, आणि जवळपास तीनशे वर्षांनी मुंबईच्या गोदीतून सुरतेच्या नावाची नौका निघाली.

ती निघाली माझगावहून. तिथे 1774 साली एक लहानशी गोदी होती. 1934 मध्ये त्या जागी कंपनी उभी राहिली, 1960 मध्ये ती सरकारने घेतली आणि 1972 मध्ये तिथली 'निलगिरी' फ्रिगेट नौदलात आली. 'दिल्ली' या विनाशिकेचे काम 1987 मध्ये सुरू झाले. मध्येच सोव्हिएत संघ कोसळला, तिकडून येणाऱ्या यंत्रसामग्रीची घडी विस्कटली आणि नौका दाखल व्हायला 1997चा नोव्हेंबर उजाडला. सांगाडा आपला, पण आतला ऐवज दुसऱ्याच्या भरवशावर, याची किंमत तेव्हा कळली.

पोलादाचेही तसेच होते. ते पूर्वी बाहेरून, मुख्यतः रशियातून येई. युद्धनौकेचे पोलाद नुसते कठीण असून भागत नाही. फार कठीण वस्तू धक्क्याने तडकते. ते चिवट हवे, थंड पाण्यातही ठिसूळ न होणारे हवे आणि वेल्डिंगला दाद देणारे हवे. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने असे पोलाद शोधले. 'डीएमआर 249 ए' हे त्याचे रुक्ष नाव. 'सुरत' आणि 'उदयगिरी' या दोन नौकांसाठी 'सेल'च्या बोकारो, भिलाई आणि राउरकेला येथील कारखान्यांनी मिळून सुमारे 4,300 टन पोलाद पुरवले.

'सुरत'चा कणा नोव्हेंबर 2019 मध्ये बसवला गेला. पाठोपाठ महामारी आली, तरी काम चालले. हिचे भाग दोन वेगवेगळ्या ठिकाणी तयार करून माझगावात जोडले गेले. 17 मे 2022 रोजी जलावतरण झाले. आपण फोटो पाहतो आणि समजतो, जहाज तयार झाले. तसे नसते. हिचीच बहीण 'मोरमुगाव' पाण्यात उतरली तेव्हा 2,844 टनांची होती. पूर्ण भरलेली नौका सुमारे 7,400 टनांची. निम्म्याहून जास्त भार पाण्यात उतरल्यावर चढतो. केबल, रडार, शस्त्रे, खलाशांच्या खाटा, स्वयंपाकघर हे सारे त्यात येते. मग बंदरातल्या चाचण्या, मग समुद्रातल्या. तोवर कागदोपत्री ती असते 'यार्ड 12707'. 20 डिसेंबर 2024 रोजी गोदीने ती नौदलाच्या हवाली केली. दाखल होण्याच्या दिवशी आदेश वाचला जातो, निशाण चढते आणि नावाआधी 'आयएनएस' लागते. त्या निशाणावर 2022 पासून शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आहे.

ही नौका सुमारे पंचाहत्तर टक्के स्वदेशी आहे, असे सांगतात. मला उरलेल्या पंचवीस टक्क्यांबद्दल बोलायचे आहे. तिला तासाला छप्पन्न किलोमीटरच्या वेगाने पळवणारी चार गॅस टर्बाइन युक्रेनी बनावटीची आहेत. ती घडवणाऱ्या मिकोलाइव शहरावरच 2022च्या युद्धात क्षेपणास्त्रे पडली. 'दिल्ली'च्या वेळचा धडा पुन्हा समोर आला. पोलाद आपण शिकलो. इंजिन शिकायचे आहे. त्यामुळे 'सुरत' किती वर्षांत झाली, याचे उत्तर पाच वर्षे हे अपुरे आहे. पोलादाची विद्या प्रयोगशाळेत आणि भट्टीशी घालवलेले दिवसही त्यात धरायला हवेत.

या नौकेला तिच्या तोफांची कधी गरज पडू नये, अशीच माझी इच्छा आहे. पण राखणदार हवाच, आणि तो उसन्या पायांवर फार काळ उभा राहू शकत नाही. त्याचे पाय घडवायला समुद्रकाठीच जन्मावे लागते असे नाही. भिलाईच्या भट्टीशी उभा असलेला कामगार समुद्रापासून आमच्याइतकाच दूर आहे.